असाइनमेंट लिहून देणाऱ्या वेबसाइट्स : पाच ताऱ्यांची ही गवाही खरी की खोटी?

मागच्या महिन्यात एक दिवस असरच्या नमाजनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा घरी आले. त्यांचं टायरचं दुकान आहे. मुलगी दहावीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत होती, नंतर बी.एस्सी. झाली आणि आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे. फीसाठी बँकेचं कर्ज काढलंय, अम्मीचे दागिने गहाण आहेत. मोहल्ल्यातून परदेशात शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी.

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. असाइनमेंट लिहून देणारी एक वेबसाइट होती. चोवीस तासांत काम, चांगल्या मार्कांची गॅरंटी, नाव गुप्त राहील असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. म्हणाले, "टीचर, पोरीला एकाच आठवड्यात दोन असाइनमेंट द्यायच्या आहेत. रात्री फोनवर रडते. कुणीतरी मला ही लिंक पाठवली. विचार केला, पैसे भरून टाकू, पोरीचं ओझं कमी होईल. पण तुम्हाला विचारल्याशिवाय भरायचे नाहीत. हे बघा, पाचपैकी चार पॉइंट नऊ तारे आहेत. हजारो लोकांनी चांगलं लिहिलंय. इतके लोक खोटं बोलतील का?"

त्यांचा प्रश्न साधा आणि रास्त होता. आज आपण डॉक्टर शोधतो, शादीचा हॉल ठरवतो, मिक्सर मागवतो, तेही तारे बघूनच. मग इथं का बघू नयेत? या लेखात त्यांच्या त्याच प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते आहे, कारण आता आपली बरीच मुलं परदेशात आणि इथल्या विद्यापीठांत शिकत आहेत आणि हे जाळं त्यांच्या मोबाइलपर्यंत पोहोचलेलं आहे.

हा धंदा आहे तरी काय?

पैसे देऊन आपला अभ्यास दुसऱ्याकडून लिहून घेणं आणि स्वतःच्या नावावर जमा करणं, याला इंग्रजीत 'काँट्रॅक्ट चीटिंग' म्हणतात. हा शब्द २००६ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी रूढ केला. आपल्या भाषेत सांगायचं तर ठेक्यावर केलेली कॉपी.

हे किती पसरलंय? स्वॉन्सी विद्यापीठाचे फिल न्यूटन यांनी २०१८ मध्ये जुन्या-नव्या ६५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. त्यात ५४ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. सगळ्या वर्षांची सरासरी काढली तर साधारण ३.५ टक्के विद्यार्थ्यांनी पैसे देऊन काम करून घेतल्याचं कबूल केलं होतं. पण २०१४ नंतरचे अभ्यास वेगळे काढले तेव्हा तोच आकडा १५.७ टक्क्यांवर गेला. म्हणजे जवळजवळ सातांतला एक. आणि हे फक्त कबूल करणारे.

म्हणूनच बऱ्याच देशांनी कायदे केले. आयर्लंडने २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशी सेवा विकणं आणि तिची जाहिरात करणं हा गुन्हा ठरवला. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हा कायदा विकणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्या विद्यार्थ्यावर विद्यापीठ आपल्या नियमाप्रमाणे कारवाई करतं.

म्हणजे त्या अब्बांच्या मोबाइलवर जे दुकान उघडं होतं, ते ज्या देशात त्यांची मुलगी शिकते त्या देशात बेकायदा आहे. पण वेबसाइटवर हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तिथं फक्त तारे होते.

खरा ग्राहक इथं बोलूच शकत नाही

आता मुख्य गोष्ट. रिव्ह्यू म्हणजे काय? ती एक गवाही असते. मी ही वस्तू घेतली, वापरली, अशी निघाली. गवाहीला वजन कधी येतं? गवाह कोण आहे हे माहीत असेल, त्याने स्वतः बघितलेलं असेल आणि त्याला खरं बोलायला मोकळीक असेल तेव्हा. खोटी गवाही किती वाईट, हे आपल्या घरात लहान मुलालाही सांगायला लागत नाही.

आता या धंद्याचे तीन प्रकारचे ग्राहक डोळ्यांसमोर आणा.

पहिला, ज्याचं काम झालं. लिहून आलं, जमा केलं, मार्क मिळाले. तो गप्प बसेल. आपण कॉपी केली हे आपल्या नावाने जगाला सांगून तो आपली डिग्री धोक्यात का घालेल?

दुसरा, ज्याला फसवलं. पैसे घेतले आणि काम आलंच नाही, किंवा आलं ते निव्वळ रद्दी. हा तरी ओरडेल का? नाही. तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःचा कबुलीजबाब द्यावा लागतो. शिवाय त्याचं नाव, विद्यापीठ, ईमेल सगळं त्या कंपनीकडे असतं.

तिसरा, जो पकडला गेला. तो तर कुठं तोंड दाखवत नाही, रिव्ह्यू कसला लिहितो?

मिक्सर खराब निघाला तर माणूस नाव-गाव सांगून भांडतो. या धंद्यात खरे ग्राहक बहुतेक मुके असतात. मग ते हजारो तारे बोलतायत कोणाच्या तोंडून? अब्बांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. इतके लोक खोटं बोलतील का, हे नंतर बघू. आधी हे विचारा की इतक्या लोकांना खरं बोलणं परवडेल का?

मग हे तारे येतात कुठून?

एक, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. 'साराह, नर्सिंगची विद्यार्थिनी' असं नाव, हसरा फोटो आणि खाली चार ओळींची तारीफ. तिथं लेखणीही कंपनीची आणि कागदही कंपनीचा. अशा रिव्ह्यूला शून्य किंमत द्यायची.

दोन, 'सर्वोत्तम दहा वेबसाइट्स'च्या याद्यांवरून. या याद्या तटस्थ वाटतात. 'आम्ही सगळ्या सेवा तपासल्या' असं त्यात लिहिलेलं असतं. पण लिंकवर क्लिक केलं की सोबत डिस्काउंट कोड येतो. तो कोड म्हणजे कमिशनची पावती. आलेल्या प्रत्येक ग्राहकामागे यादीवाल्याला पैसे मिळतात. कधी यादी चालवणाराच त्यातल्या दोन-तीन दुकानांचा मालक असतो.

तीन, ओळखीच्या चेहऱ्यांकडून. २०१८ मध्ये बीबीसीने शोध घेतला तेव्हा युक्रेनमधल्या अशा एका कंपनीची जाहिरात यूट्यूबवरच्या २५० हून जास्त चॅनेलवर आणि १,४०० हून जास्त व्हिडिओंमध्ये सापडली. गेम खेळणारी, गंमतजंमत करणारी तरुण मुलं मधेच सांगत होती की अभ्यासाचा कंटाळा आला तर इथून करून घ्या. बघणाऱ्या पोरांना ती दोस्ताची सल्ला वाटली. ती पैसे देऊन केलेली जाहिरात होती. बीबीसीच्या बातमीनंतर असे बरेच व्हिडिओ हटवले गेले.

चार, ग्रुपमधून. परदेशी विद्यापीठात नव्याने गेलेल्या मुलांचे व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुप असतात. त्यात एखादा 'सीनियर' हळूच लिहितो, "मी यांच्याकडून घेतलं होतं, मस्त काम आहे, नंबर देऊ का?" लगेच दुसरा म्हणतो, "हो, मीपण." हे दोघं एकाच माणसाचे दोन सिम असू शकतात. आपली मुलं इथंच जास्त फसतात, कारण समोरचा कधी हिंदी-उर्दूत बोलतो, कधी सलाम करून सुरुवात करतो. आपलेपणा वाटतो.

आणि पाचवा रस्ता आपल्याच घरातून जातो. माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलाने मागच्या वर्षी मला अभिमानाने सांगितलं होतं, "टीचर, मी मोबाइलवर काम करतो. हॉटेलला पाच तारे द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, पैसे जमा." मी विचारलं, हॉटेल कुठलं? त्याला माहीत नव्हतं. ज्या शहरात तो कधी गेला नाही तिथल्या हॉटेलचं जेवण त्याने 'लाजवाब' लिहिलं होतं. सुरुवातीला त्याला खरंच थोडे पैसे मिळाले. नंतर 'मोठं टास्क' म्हणून त्याच्या मोठ्या भावाकडून पैसे भरून घेतले आणि ग्रुप गायब झाला. हा प्रकार देशभर झालाय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा घरबसल्या टास्कच्या नावाने फसवणाऱ्या शंभरहून जास्त वेबसाइट्स बंद केल्या.

म्हणजे एका घरातला मुलगा न बघितलेल्या गोष्टीला तारे देतो आणि दुसऱ्या घरातले अब्बा ते तारे बघून मुलीची फी-कमाई पणाला लावायला निघतात. इतके लोक खोटं बोलतील का? बोलतात. आणि बहुतेकांना आपण खोटं बोलतोय असं वाटतही नाही, 'काम' करतोय असंच वाटतं.

खोटा रिव्ह्यू ओळखायचा कसा?

त्या संध्याकाळी मी आणि अब्बा दोघं मिळून ती वेबसाइट तपासत बसलो. तासाभरात जे जे बघितलं ते क्रमाने सांगते. हे कोणालाही जमेल.

तारखा बघा. रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावा. खऱ्या दुकानाचे रिव्ह्यू थोडे थोडे येत राहतात. खोटे घाऊक येतात. दोन दिवसांत चाळीस, मग तीन आठवडे काहीच नाही, मग पुन्हा पन्नास. आणखी एक खूण म्हणजे एखादा वाईट रिव्ह्यू आला की दुसऱ्याच दिवशी पाच ताऱ्यांचा पाऊस पडतो आणि ती तक्रार खाली ढकलली जाते.

मजकूर बघा. खऱ्या माणसाच्या बोलण्यात तपशील असतो. विषय कुठला, अडचण काय होती, काय दुरुस्त करून मागितलं. खोट्यात नुसती विशेषणं असतात. 'वेळेवर काम', 'उत्तम सेवा', 'पुन्हा नक्की घेईन'. असंच एक पूर्ण वाक्य कॉपी करा, अवतरण चिन्हांत टाका आणि गूगलवर शोधा. तेच वाक्य दुसऱ्या वेबसाइटवर दुसऱ्या नावाने सापडलं तर विषय संपला. आम्हाला एक वाक्य तीन ठिकाणी सापडलं.

लिहिणारा बघा. नावावर क्लिक केलं की त्याचे बाकीचे रिव्ह्यू दिसतात. आयुष्यात एकच रिव्ह्यू लिहिलेला असेल तर संशय घ्या. एकाच दिवशी कॅनडातला दातांचा डॉक्टर, दुबईतलं गॅरेज आणि लंडनमधली असाइनमेंट कंपनी या तिघांनाही पाच तारे दिले असतील तर संशयाचीही गरज नाही.

फोटो तपासा. फोटोवर बोट दाबून धरा आणि गूगल लेन्सने शोधा. 'नर्सिंगची साराह' कुठल्या तरी फोटो विकणाऱ्या साइटवर दातांच्या पेस्टच्या जाहिरातीसाठी उभी असलेली सापडते.

एक-दोन तारेवाले आधी वाचा. तक्रारींमध्ये एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत येत असेल, म्हणजे काम उशिरा आलं, पैसे परत दिले नाहीत, नंतर धमकी दिली, तर ती खरी असण्याची शक्यता जास्त. कंपनी खाली काय उत्तर देते तेही बघा. मात्र वाईट रिव्ह्यूसुद्धा खोटे असू शकतात, समोरच्या दुकानदाराने टाकलेले. म्हणून एकाच तक्रारीवर निकाल देऊ नका.

दुकानाचं वय तपासा. वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं गेलं हे 'हूइज' नावाच्या मोफत सेवेवर समजतं. 'पंधरा वर्षांचा अनुभव' असं लिहिलेलं दुकान सात-आठ महिन्यांपूर्वी उघडलेलं निघालं, तर बाकीचं काय तपासायचं?

पत्ता आणि अटी बघा. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'नियम व अटी' असतात. तिथं अब्बांना मी एक वाक्य वाचून दाखवलं. त्याचा अर्थ असा होता : आम्ही दिलेला मजकूर फक्त संदर्भासाठी आहे, विद्यार्थ्याने तो स्वतःचा म्हणून जमा करू नये. आणि वर रिव्ह्यूमध्ये काय होतं? 'यांनी लिहून दिलं, मी जमा केलं, ए ग्रेड मिळाली.' एकाच पानावर वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांशी भांडत होते. वरचं ग्राहकाला खेचण्यासाठी, खालचं पोलिसांना आणि कोर्टाला दाखवण्यासाठी. मला विचाराल तर बाकी सगळं सोडा, ही एक तपासणी केली तरी पुरे.

एक जुनी खूण मात्र आता विसरा. पूर्वी आपण म्हणायचो, इंग्रजी मोडकंतोडकं आहे म्हणजे रिव्ह्यू खोटा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि स्वच्छ इंग्रजीत शंभर वेगवेगळे रिव्ह्यू लिहून घेणं मिनिटांचं काम झालं. आता उलट, साधा माणूस घाईत लिहितो तेव्हा चुका करतो आणि खोटा रिव्ह्यू व्याकरणात पहिला येतो.

कायदा काय म्हणतो?

खोट्या रिव्ह्यूंबद्दल सरकारं जागी झाली आहेत. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू लिहिणं, विकत घेणं, विकणं यावर थेट बंदी आहे. कंपनीने स्वतः चालवलेली रिव्ह्यू साइट तटस्थ म्हणून दाखवण्यावरही तिथं बंदी आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर बंदी आली आणि कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का ते तपासावं, विकत घेतलेला रिव्ह्यू छापू नये, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं.

हे सगळं चांगलंच आहे. पण हे कायदे प्रामुख्याने अशा दुकानासाठी आहेत ज्याला पत्ता आहे आणि मालक आहे. असाइनमेंटवाल्या कंपन्यांचं ऑफिस एका देशात, पैसे घेणारं खातं दुसऱ्या देशात आणि लिहिणारे तिसऱ्याच देशात. केनियामध्ये हजारो शिकलेले बेकार तरुण हेच काम करतात, पाश्चात्त्य मुलांचे निबंध रात्र रात्र जागून लिहितात. 'अकॅडमिक रायटर पाहिजे' या जाहिराती आपल्याकडच्या पदवीधरांनाही दिसतात. म्हणून नोटीस पाठवायची कोणाला, हाच प्रश्न असतो. वेबसाइट बंद केली तर दुसऱ्या आठवड्यात नवीन नावाने उघडते. तारे मात्र जुनेच.

आपल्या देशात निबंध लिहून देणाऱ्यांविरुद्ध इंग्लंडसारखा वेगळा कायदा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम साहित्यचोरीबद्दल आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, त्यापुढे टप्प्याटप्प्याने शिक्षा आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण ठेक्यावर नव्याने लिहून घेतलेला मजकूर सॉफ्टवेअरमध्ये सापडतोच असं नाही. तो सापडतो तोंडी परीक्षेत, जेव्हा सर विचारतात, "पान चाळीसवर तू असं का म्हटलंस?"

पैसे जातात, आणखी काय जातं?

समजा दुआ-सलाम करून, तारे मोजून पैसे भरलेच. पुढे काय?

मुलाचं नाव, विद्यापीठ, कार्ड आणि चॅट हे सगळं त्यांच्याकडे राहतं. काही महिन्यांनी मेसेज येतो, 'आणखी पैसे द्या, नाहीतर तुमच्या विद्यापीठाला कळवू.' ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या शिक्षण संस्था या ब्लॅकमेलबद्दल विद्यार्थ्यांना वारंवार सावध करतात. डिग्री मिळाल्यावर, नोकरी लागल्यावरही हे होऊ शकतं. मार्कांची गॅरंटी देणाऱ्याने नाव गुप्त ठेवण्याचीही गॅरंटी दिली होती, ती अशी मोडते.

आपल्या मुलांसाठी धोका आणखी मोठा आहे. तिथल्या मुलाला नापास केलं तर तो घरी जातो. आपल्या मुलाला विद्यापीठाने काढलं तर विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं, व्हिसाचा आधार जातो आणि मुदत संपायच्या आत देश सोडायची वेळ येते. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतात. गहाण दागिने बँकेतच.

मग मुलांनी करायचं काय?

आधी आम्हा शिक्षकांची चूक कबूल करते. आम्ही मुलांना गाईड आणि डायजेस्टमधलं उत्तर जसंच्या तसं लिहायला शिकवलं. जसंच्या तसं लिहिलं तर पूर्ण मार्क. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर लाल पेन. बी.एड.च्या वर्षी मी स्वतः बघितलंय की पाठाच्या वह्या लिहून देणारे लोक कॉलेजबाहेर ठरलेले होते आणि कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. त्याच सवयीने मूल परदेशात जातं आणि तिथं पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं की दुसऱ्याचं एक वाक्य घेतलं तरी नाव द्या. त्याला ते कधी शिकवलेलंच नसतं. त्यात तिथं सत्र चालू असताना स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तास कामाची परवानगी. पोरं रात्री गोदामात काम करतात आणि सकाळी वर्गात डुलकी घेतात. अशा वेळी पाच तारे खूप चमकतात.

पण तिथल्या विद्यापीठात हक्काची मदतही असते आणि तिची किंमत फीमध्येच भरलेली असते. निबंध कसा लिहावा, संदर्भ कसे द्यावेत हे शिकवणारा विभाग असतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर असतो. आजारपण, घरातलं दुःख, मनावरचा ताण असेल तर वेळेत अर्ज करून मुदत वाढवून मागता येते. विद्यार्थी संघटनेत मोफत सल्ला मिळतो. मुलं हे मागत नाहीत, कारण त्यांना वाटतं मदत मागितली तर आपण कमजोर ठरू. पालकांनी फोनवर 'मार्क किती?' याच्या आधी 'ट्यूटरला भेटलीस का?' हे विचारलं तर बराच फरक पडेल.

कोणी पैसे आधीच भरले असतील तर घाबरू नका. आलेला मजकूर जमा करू नका. सगळे स्क्रीनशॉट आणि पावत्या जपून ठेवा. धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका, एकदा दिला की मागणी थांबत नाही. मुलाने स्वतः जाऊन विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराला किंवा ट्यूटरला सांगावं. पकडल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही बरं. भारतातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० या नंबरवर लगेच फोन करा. आणि तुमच्या घरात कोणी ताऱ्यांचं 'टास्क' करत असेल तर आजच थांबवा.

त्या संध्याकाळी अब्बांनी पैसे भरले नाहीत. माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. तिला त्या वेबसाइटबद्दल काही माहीतच नव्हतं. अब्बा तिच्यासाठी गुपचूप सोय करायला निघाले होते. तिने दुसऱ्या दिवशी ट्यूटरला ईमेल केला. एका असाइनमेंटला आठ दिवस वाढवून मिळाले, दुसरी वेळेवरच द्यावी लागली. तिच्यात मार्क कमी पडले. तिने मला त्या असाइनमेंटचा फोटो पाठवला, बाजूला ट्यूटरने लिहिलेल्या शेऱ्यांसकट. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाला शेरा होता. ते सगळे तिने वाचले आहेत आणि पुढच्या असाइनमेंटला लागली आहे.